पहिला ओरखडा
महागड्या पोलादी घड्याळावर पहिला ओरखडा बहुधा पट्ट्याच्या क्लॅस्पवर उमटतो. दिवसभर टेबलावर घासतो तो तोच. काच सहसा शाबूत राहते, कारण ती कृत्रिम नीलमण्याची असते, मोहस मापनात कठीणता 9. पोलाद बरंच मऊ. साध्या धुळीतले गारेचे कणही (कठीणता 7) त्यावर रेघ ओढतात, म्हणून कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नये.

पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे, भोवतीचा धातू घासून त्याच्या पातळीला आणणं. दर खेपेला डबी किंचित झिजते, कडा बोथटतात. म्हणूनच संग्राहक पॉलिश न झालेलं जुनं घड्याळ शोधतात. ओमेगा स्पीडमास्टरच्या हेसालाइट काचेची गोष्ट न्यारी. ती प्लॅस्टिकची, चरे चटकन पडतात, पण बारीक असले तर पॉलिशच्या पेस्टने घरीच निघतात. पोलादावरचे मी तरी तसेच राहू देईन.