घाशीराम घरी कधी येणार?

मी बी.ए.च्या वर्गाला विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक शिकवते. कनौजचा घाशीराम पेशवाईतल्या पुण्यात अपमान सोसतो, पोटची पोर नाना फडणवीसांना देऊन कोतवाली मिळवतो, शहरावर सूड उगवतो आणि गरज सरताच नाना त्याला जमावाच्या हवाली करतात. हे मुलांना चटकन भिडतं. याच नाटकावर सिनेमाही आहे आणि पटकथा तेंडुलकरांचीच आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “मॅडम, कुठे बघायला मिळेल?”

या प्रश्नाला ‘ग्रंथालयात डीव्हीडी आहे, घेऊन जा’ असं उत्तर मला देता आलं पाहिजे. अजून ते देता येत नाही.

नाटक 1972चं, सिनेमा 1976चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. दिग्दर्शनाला मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावं आहेत. संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाना रंगमंचावरचेच, मोहन आगाशे. घाशीराम मात्र ओम पुरी. अंबाल्याच्या या नटाचं पडद्यावरचं पदार्पण मराठीत झालं, हे माझ्या वर्गातल्या मुलांना खरंच वाटत नाही.

मी तो फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. जब्बार पटेलांनी बसवलेल्या नाटकाचा प्राण होता ती ब्राह्मणांची रांग, क्षणात भिंत होणारी आणि क्षणात कीर्तनात डोलणारी. ती तशीच कॅमेऱ्यापुढे उभी केली असती, तर प्रयोगाचं चित्रीकरण तेवढं झालं असतं. या मंडळींनी रंगमंच सोडला आणि लांबच लांब, न तुटणारे शॉट घेतले. नाटकात हसता हसता अंगावर येणारी क्रूरता इथे थंडपणे, दुरून दिसते. काहींना तो रुक्ष वाटतो. मला वाटत नाही. देशात आणीबाणी असताना केलेलं हे काम आहे, आणि सत्ता माणसाला वापरून कशी टाकून देते हे त्यातलं दाखवणं मला नाटकाइतकंच मोलाचं वाटतं.

मग तो गेला कुठे? त्याची एक प्रिंट बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपटसंस्थेच्या संग्रहात टिकून राहिली. मागच्या दशकात त्यांनी तिच्यावरून डिजिटल प्रत तयार केली आणि डीव्हीडीही काढली. म्हणजे पुण्याच्या कोतवालाची घरी ठेवता येईल अशी प्रत जर्मनीत निघाली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण जर्मनीहून एखादी डीव्हीडी मागवणं तालुक्याच्या कॉलेजला जमणारं नाही.

अशा सिनेमाला वेळ दवडून चालत नाही. त्या काळातली फिल्म ॲसिटेटची असे. ओलाव्यात आणि उष्णतेत ती कुजू लागते, डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी आक्रसते आणि मग मशीनवर चढत नाही. दोन तासांच्या सिनेमात पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी असतात. प्रत्येक स्कॅन करायची, ओरखडे आणि डाग काढायचे, आवाज साफ करायचा. खर्चाचं काम आहे, पण आपल्याकडे न झालेलं नाही. ‘मंथन’ही 1976चाच आणि पटकथेत तेंडुलकरच. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला तो सिनेमा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केला, 2024 साली कानच्या महोत्सवात दाखवला आणि मग तो देशभरच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. केंद्र सरकारनेही जुने सिनेमे दुरुस्त करण्यासाठी 2022 मध्ये 363 कोटी रुपये जाहीर केले.

दुसरी अडचण हक्कांची. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो. त्यामुळे 1936चा ‘संत तुकाराम’ आज कुणालाही दाखवता येतो. ‘घाशीराम’ला 2036 संपेपर्यंत तरी परवानगी लागणारच, आणि सहकारी संस्थेच्या सिनेमासाठी ती घेताना अनेकांना एकत्र आणावं लागेल. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, मणि कौल 2011 मध्ये, ओम पुरी 2017 मध्ये. ज्यांच्या आठवणी, ज्यांच्या सह्या मिळण्यासारख्या आहेत, त्या आजच घ्यायला हव्यात.

मला तर एकटा ‘घाशीराम’ही पुरणार नाही. तेंडुलकरांच्या सिनेमांचा एक संच निघावा, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘घाशीराम कोतवाल’, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ असा. प्रत्येकाची स्वच्छ प्रत, सोबत छोटी पुस्तिका. तेंडुलकरांची नाटकं आणि लेख आपले प्रकाशक छापतात, आपण ती कपाटात मांडतो. पटकथाकार तेंडुलकर मात्र नेटवरच्या धुरकट, अर्धवट प्रतींवर सोडून दिले आहेत. त्या प्रतींत चेहरे ओळखू येत नाहीत, संवाद घशातच अडकतात, आणि आज आहे ती उद्या काढून टाकलेली असते. वर्गात एखादं दृश्य थांबवून नानांच्या डोळ्यांत काय चाललंय ते दाखवायचं तर हातात भरवशाची डीव्हीडी लागते. मराठी उपशीर्षकंही हवीत, कारण ऐकू न येणारी दोन मुलं तरी दरवर्षी माझ्या वर्गात असतातच.