वकील नाही, एजंट नाही : सुरतहून कॅनडाच्या पीआरपर्यंत

सुरतेत अडाजणपासून वराछापर्यंत कुठल्याही मोठ्या रस्त्याने जा, दर दोन-चार दुकानांमागे एक पाटी दिसतेच : कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूके, पीआर, गॅरंटी. आता लिंबायत-उधन्याकडेही या पाट्या आल्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्तीच्या रेल्वेने आलेल्या माणसांची मुलं शिकली, पगारदार झाली आणि त्यांनाही बाहेरची हवा खुणावू लागली. माझी लेक आणि जावई त्यांतलेच. दोघांनी २०१९ साली कॅनडाच्या कायमस्वरूपी वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, स्वतःच अर्ज केला. मध्ये कुणी वकील नव्हता की एजंट नव्हता. ते कसं जमलं, असं मंडळाच्या कार्यक्रमात अनेकांनी विचारलं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीला आम्हीही एजंटकडेच गेलो होतो, हे आधी कबूल करते. नाव सांगत नाही. एसी ऑफिस, भिंतीवर मेपलच्या पानाचा मोठा फोटो, आल्याआल्या चहा. फी अडीच लाख, सरकारी फी वेगळी. लेकीचे गुण कमी पडत होते, तरी साहेब म्हणाले, "बेन, चिंता ना करो, थई जशे." कसं होणार, असं तिने विचारलं. तेव्हा कळलं की तिकडच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र ते "आणून देणार" होते. त्याचे ५० गुण मिळायचे आणि त्या पत्राचे पैसे आणखी वेगळे. शिवाय अर्जाचं खातं त्यांच्याच ईमेलवर उघडायचं आणि पासवर्ड त्यांच्याकडेच राहणार.

मी तेहतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. वर्गशिक्षिका असताना जनरल रजिस्टर माझ्याच ताब्यात असे. त्या रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर काय होतं ते मला पक्कं ठाऊक. घरी येताना रिक्षात मी एवढंच म्हणाले, "तुझ्या नावाचा अर्ज आणि तुलाच वाचता येणार नाही, हे कसलं?" लेक काही बोलली नाही. रात्री तिने कॅनडा सरकारची वेबसाइट उघडली आणि पहिल्याच दिवशी तिला तिथे एक वाक्य सापडलं : प्रतिनिधी नेमणं बंधनकारक नाही आणि नेमला म्हणून अर्जाला वेगळी वागणूक मिळत नाही.

आता थोडं गुणांविषयी, कारण लोक इथेच घाबरतात. कॅनडाची एक्सप्रेस एन्ट्री ही पद्धत जानेवारी २०१५ पासून आहे. वय, शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच आणि कामाचा अनुभव यांचे मिळून १२०० पैकी गुण लागतात. दर काही आठवड्यांनी सरकार एक आकडा जाहीर करतं आणि त्या आकड्याच्या वर असलेल्यांना अर्ज करायचं आमंत्रण जातं. नवरा-बायको असतील तर मुख्य अर्जदार कोण हे आपणच ठरवायचं. दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहावा. आमच्याकडे जावयाला मुख्य धरलं तर गुण बरेच कमी भरत होते, लेकीला धरलं तर जास्त. सगळ्यांनी जावयालाच पुढे धरलं होतं, कारण विचारच कुणी केला नव्हता.

लेक एम.एस्सी. केमिस्ट्री, पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं नोकरी. वय २९, त्याचे १००. पदव्युत्तर शिक्षणाचे १२६. जावई पदवीधर आणि त्यानेही इंग्रजीची परीक्षा दिलेली, म्हणून त्याचे २०. अडलं होतं ते तिच्या इंग्रजीवर. आयईएलटीएसमध्ये वाचन, लेखन, बोलणं तिन्ही ठीक, पण ऐकण्यात ८ हवे होते आणि आले ७.५. अर्ध्या बँडने काय होतंय, असं आम्हाला वाटलं. हिशेब केला आणि तोंडात बोटं गेली. चारही भागांत ठरावीक पातळी गाठली तर शिक्षणाला जोडून ५० आणि अनुभवाला जोडून ५० असे वेगळे गुण मिळतात. एका भागात जरी खाली आलं तरी ते २५ आणि २५ होतात. त्यात ऐकण्याचे थेट ७ गेले. म्हणजे एका अर्ध्या बँडने ५७ गुण खाल्ले होते. एकूण बेरीज ४०५.

एजंटचं पत्र घेतलं असतं तर ४५५ झाले असते. परीक्षा पुन्हा दिली तर ४६२ होणार होते. परीक्षेची फी तेव्हा तेरा-चौदा हजार. दोन महिने आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर कॅनडाच्या बातम्या लागायच्या. माझ्या सासूबाई विचारायच्या, हे लोक भांडताहेत की काय. दुसऱ्या वेळी ऐकण्यात बरोब्बर ८ आले. १० जुलै २०१९ च्या सोडतीत आकडा ४६० होता. दोन गुणांनी आमंत्रण आलं. नोव्हेंबरमध्ये तिला तिसावं लागणार होतं आणि वयाचे ५ गुण उतरणार होते, म्हणून त्या दोन गुणांची किंमत आम्हाला माहीत आहे.

आमंत्रणानंतर ६० दिवस मिळतात आणि खरं काम तेव्हाच सुरू होतं. ते कायद्याचं नसतं, कागदांचं असतं. आणि आपल्या माणसांचे कागद म्हणजे काय सांगू! लेकीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडिलांच्या नावापुढे एका दाखल्यावर "भाई", दुसऱ्यावर "राव", तिसऱ्यावर नुसतं नाव. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने केलेला, पदवी माहेरच्या नावाने. जावयाचा जन्म शिरपूर तालुक्यातला, ग्रामपंचायतीच्या नोंदीत एक तारीख आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरी. गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांत हे घरोघरी आहे. यावर उपाय असा : विवाह नोंदणीचा दाखला लावायचा, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर एफिडेव्हिट करायचं आणि अर्जासोबत एका पानावर साध्या इंग्रजीत समजावून सांगायचं. काही लपवायचं नाही, काही खोडायचं नाही. मात्र ही कामं आमंत्रण येण्याआधीच करून ठेवावीत, असं मी कळकळीने सांगेन. ६० दिवसांत ग्रामपंचायत आपल्यासाठी धावत नाही.

मराठी-गुजराती कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. मला वाटलं, हे तर माझं काम. मी बसून सगळं छान उतरवून काढलं आणि मग लेकीने नियम दाखवला : घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. आयुष्यभर भाषा शिकवली आणि पोटच्या मुलीला तिचा काडीचा उपयोग नाही! बाहेरून भाषांतर करून घेतलं, भाषांतरकाराचं एफिडेव्हिट जोडलं. माझी पानं मी ठेवून दिली आहेत.

पदव्यांची तपासणी आमंत्रणाच्या आधीच लागते, कारण तिच्याशिवाय शिक्षणाचे गुणच मिळत नाहीत. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस या संस्थेकडे ती केली. लेकीचं विद्यापीठ म्हणजे आपलं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ. अर्ज भरून, फी भरून, गुणपत्रिकांच्या प्रती द्यायच्या, मग विद्यापीठ बंद पाकिटातून थेट तिकडे पाठवतं. तीन फेऱ्या झाल्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं, फी माणशी ५०० रुपये. मेडिकल फक्त त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं, म्हणून आम्ही पहाटेच्या गाडीने अहमदाबादला गेलो. बोटांचे ठसे द्यायलाही पुढे तिथेच.

सगळ्यांत जास्त घाम फोडला तो नोकरीच्या पत्राने. तिकडे नुसतं "अमुक इथे काम करते, वागणूक चांगली" असं चालत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे रोज काय काम करते ते लिहून हवं. पदाच्या नावाला फारसं महत्त्व नाही, कामाला आहे. आपल्या मिलमध्ये अशी पत्रं कोण देतं? शेठ आधी म्हणाले, "सोडून जायचं आहे आणि पत्र मीच द्यायचं?" त्यात अडचण अशी की पगाराचा काही भाग रोखीत मिळायचा. पत्रात पूर्ण आकडा लिहावा असा मोह होता, पण बँकेच्या पासबुकात आणि फॉर्म १६ मध्ये तो नव्हता. लेकीने ठरवलं की कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, मग जे बँकेत येतं तेवढंच. पगाराच्या आकड्याला गुण नसतातच. तिने मसुदा स्वतः लिहिला. रंगाचे नमुने तपासणं, पाण्याचा पीएच, सांडपाण्याच्या चाचण्या, रजिस्टर ठेवणं, जे करत होती तेच. शेठना दिवाणजींनी समजावलं. सही झाली. शेठनी वर पेढेही मागवले, ते विसरले तर अन्याय होईल.

मग जावयाचे आठ महिने. अर्जात दोघांचीही मागच्या दहा वर्षांची माहिती लागते, एक महिनाही रिकामा चालत नाही. जावई पुण्यातली नोकरी सोडून आठ महिने गावी होता, वडील आजारी होते, शेती बघायला कुणी नव्हतं. त्या एजंट साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं : गॅप दाखवू नका, कुठल्या तरी दुकानाचं पत्र घेऊ. जावयाला ते महिने सांगायची लाजच वाटत होती. शेवटी त्याने लिहिलं : नोकरी नाही, वडिलांची सेवा आणि घरची शेती. त्यावर कुणी एक प्रश्नही विचारला नाही. खोटं पत्र लावलं असतं आणि सापडलं असतं तर पाच वर्षांची बंदी. तीही अर्जदारावर. एजंट मजेत पुढचं गिऱ्हाईक घेतो.

पैशांबद्दलही सांगते. तिकडे नोकरी ठरलेली नसेल तर दोघांसाठी तेव्हा साधारण पावणेसोळा हजार डॉलर, म्हणजे आठ लाखांच्या वर, खात्यात दाखवावे लागत. घराची किंमत धरत नाहीत, उसने पैसे चालत नाहीत आणि सहा महिन्यांची सरासरी बघतात. तीन लाख आम्ही आमच्या पीएफमधून दिले. अचानक आलेली रक्कम डोळ्यांत भरते, म्हणून बक्षीसपत्र, माझं पासबुक आणि परतफेड नको असल्याचं पत्र जोडलं. बाकी खर्च म्हणाल तर सरकारी फी तेव्हा माणशी १,०४० डॉलर होती. परीक्षा, पदवी तपासणी, मेडिकल, प्रवास सगळं धरून दोघांचे दोन लाखांच्या आसपास गेले. २०२४ मध्ये तीच सरकारी फी १,५२५ डॉलर झाली होती, तेव्हा जुने आकडे घेऊन बसू नका, त्यांच्या वेबसाइटवर बघा.

५३ व्या दिवशी अर्ज गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये मंजुरी आली आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. मेडिकल वर्षभरच चालतं, त्यामुळे ऑगस्टच्या आत पोहोचायचं होतं. जुलैत सुरतेत करोनाने हाहाकार केला होता, तेव्हा दोघं वंदे भारतच्या विमानाने दिल्लीहून टोरांटोला गेले. स्टेशनवर सोडायलाही जाता आलं नाही. सोसायटीच्या गेटवरून हात केला.

सगळ्यांनीच स्वतः करावं असं मी म्हणणार नाही. आधी व्हिसा नाकारला असेल, पोलिसात केस असेल, घटस्फोटातल्या मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल, तर जाणकार माणूस घ्यावाच. पण पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिकडचे वकील आणि परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. त्या सल्लागारांची यादी त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. पाटीवरचं नाव त्या यादीत आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. अमेरिकेच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची गोष्ट निराळी, तिथे बहुधा कंपनीच अर्ज करते आणि आपल्या लोकांची रांग फार मोठी आहे.

आणि हो, ते नोकरीच्या पत्राचे ५० गुण. अशी पत्रं विकली जाऊ लागली म्हणून कॅनडाने मार्च २०२५ मध्ये ते गुणच काढून टाकले. ज्यांनी लाखो रुपये मोजून पत्रं घेतली असतील, त्यांच्या हातात आता कागदच उरला. आपल्या गुजरातेत याहून वाईटही झालं आहे. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब कॅनडातून अमेरिकेत चोरवाटेने जाताना सीमेजवळ बर्फात गोठून गेलं. दोन लहान मुलं होती. ती वाट वेगळी आणि ही वेगळी, हे मला कळतं. पण "थई जशे" हे शब्द तिथेही कुणीतरी म्हटले असतील, असं वाटत राहतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा आला होता. त्याचाही हिशेब आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला. ४३१ आले. लेकीच्या वेळी ४६० ला काम झालं होतं, २०२४ मध्ये सर्वसाधारण सोडती ५०० च्या वरच होत्या. २०२३ पासून फ्रेंच येणारे, आरोग्य सेवेतले, कारागीर अशांच्या वेगळ्या सोडती निघतात, त्यांचा आकडा कधी कधी खाली असतो. तो त्यात बसत नव्हता. मी म्हटलं, "बाळा, आज अर्ज करून उपयोग नाही. इंग्रजी वाढव, फ्रेंच शिकता आलं तर बघ आणि वर्षभराने ये." त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "रिंगरोडवर एकाने तर सांगितलं की होईल." मी त्याला त्या परवानाधारकांच्या यादीचा पत्ता लिहून दिला आणि अजून एक विचारायला सांगितलं, खातं कुणाच्या ईमेलवर उघडणार ते. अजून तो परत आलेला नाही.