फेव्हिक्विक लावूनही डिक्कीचं प्लास्टिक पुन्हा का निघतं? कारण त्याच्या पाठीवरच छापलेलं असतं

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरताना कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो. देवगडला जाणारे इथे वळतात. एप्रिल-मे महिन्यात या वळणावरून परत जाणाऱ्या गाड्यांची डिक्की हापूसच्या पेट्यांनी भरलेली असते आणि भाद्रपदात येणाऱ्या गाड्यांची चाकरमान्यांच्या सामानाने. पाच माणसांची गाडी, आठ माणसांचं सामान. डिक्की बंद होत नाही म्हणून दोघांनी मिळून दाबायची, हे तर ठरलेलंच.

आणि मग एक दिवस आतून 'कट्ट' असा आवाज येतो. लाकडी पेटीच्या कोपऱ्याने बाजूचं पॅनल तडकलेलं असतं, नाहीतर दरवाजाच्या आतलं कव्हर एका बाजूने लोंबकळत असतं, नाहीतर पार्सल ट्रे ज्या खुंटीवर बसतो ती खुंटीच मोडलेली असते. गाडी चालते, पण प्रत्येक खड्ड्याला मागे खडखड वाजतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मोबाईल उघडायचा, रील बघायची, त्यात कुणीतरी फेव्हिक्विक टाकून वर खायचा सोडा भुरभुरवतो, दोन सेकंदात दगड तयार! आपणही तेच करतो आणि आठ दिवसांनी तो दगड जसाच्या तसा पॅनलवरून निघून हातात येतो.

रील खोटी नसते. सोड्यामुळे तो गोंद खरोखर झटकन घट्ट होतो. पण रीलमधलं प्लास्टिक वेगळं असतं आणि तुमच्या डिक्कीतलं वेगळं.

पाठीवरची अक्षरं वाचा

पॅनल काढून उलटं केलं की मागे कुठेतरी दोन बाणांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतात. कुठे 'पीपी', कुठे 'एबीएस', कुठे 'पीपी अधिक ईपीडीएम', शेजारी 'टीडी-२०' किंवा 'टी-२०' असा आकडा. क्रिकेटशी त्याचा संबंध नाही, त्या प्लास्टिकमध्ये २० टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड घातली आहे एवढाच त्याचा अर्थ. गाडी भंगारात गेल्यावर कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात टाकायचं हे कळावं म्हणून हे शिक्के असतात. पण दुरुस्ती करणाऱ्याला याहून कामाची दुसरी गोष्ट नाही.

डिक्कीतली मोठी पॅनल्स बहुतेक वेळा पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची असतात. हे प्लास्टिक इटलीत जुलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत १९५४ साली हाती लागलं आणि १९६३ मध्ये नाट्टांना कार्ल झीगलर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त, हलकं, चिवट आणि तेल-पेट्रोलला दाद न देणारं. गाडी कंपन्यांना आणखी काय हवं?

पण दाद न देणं हाच त्याचा दुर्गुणही. अळवाच्या पानावर पाणी टाकलं तर ते पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. पीपीवर गोंदाचं तसंच होतं. गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर नीट पसरावा लागतो, त्याला भिजवावा लागतो. पीपीचा पृष्ठभाग तेवढी ओढच दाखवत नाही. फेव्हिक्विक असो, अॅराल्डाइट असो की एम-सील, सगळे वरवर बसतात आणि नखाने उचकटले तरी निघतात.

एबीएसचं तसं नाही. खेळण्यातल्या लेगोच्या विटा ज्या प्लास्टिकच्या असतात तेच हे. कडक, गुळगुळीत, रंग धरणारं. डिक्कीत ते हँडलभोवतीच्या कव्हरला किंवा छोट्या शोभेच्या भागांना सापडतं. यावर सुपरग्लू छान बसतो. त्या रीलमधला तुकडा बहुधा याच जातीचा असतो.

काही लोक तुकडा पाण्यात टाकून बघायला सांगतात. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. साध्या पीपीसाठी हे बरोबर आहे, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. पण २० टक्के टाल्क घातलेलं पीपीही पाण्यात बुडतं. म्हणून शिक्काच वाचलेला बरा.

आधी विमा की आधी पाना?

पॅनल तुटल्यावर बऱ्याच जणांना विमा आठवतो. इथे थोडं गणित करावं लागेल. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. त्यावर १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये सक्तीची वजावट. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. झिरो डेप घेतलेलं असेल तर घसारा वाचतो, पण बाकीचं तसंच राहतं. एका पॅनलसाठी हा सौदा परवडत नाही.

आणि नवं पॅनल सुटं मिळतं, पण अख्खं. कोपऱ्यातली एक खाच तुटली म्हणून फक्त खाच विकत मिळत नाही. ऑर्डर टाका, वाट बघा, सर्व्हिस सेंटर गाठा. नांदगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्याचा त्यात एक दिवस सहज जातो. म्हणून घरच्या पडवीत बसून दुरुस्ती करता येते का, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

करता येते. मात्र काही भागांना हात लावायचा नाही, ते आधी बघू.

मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे उभे खांब आणि छताची कड यांच्या आत कर्टन एअरबॅग असू शकते. तिथल्या कव्हरवर 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं. अपघातात ते कव्हर ठरलेल्या जागी उघडलं पाहिजे. तिथे गोंद, स्क्रू, वेल्डिंग काहीही केलं तर एअरबॅग अडेल किंवा कव्हरचा तुकडाच आत बसलेल्याच्या अंगावर उडेल. हा भाग तुटला तर नवा घ्या, इथे काटकसर नको.

दुसरं, सीएनजी. गाडीच्या डिक्कीत सिलेंडर असेल तर तापलेली सोल्डरिंग गन, अॅसिटोन, ड्रिल यातलं काहीही गाडीत वापरायचं नाही. खरं तर सिलेंडर नसला तरी नाही. बाजूच्या पॅनलमागून टेललाइटच्या वायरी जातात आणि एका बाजूला पेट्रोलची टाकी भरायचा पाइप असतो. पॅनल आधी बाहेर काढा, मग काय ते करा.

काढतानाच जास्त तुटतं

गंमत अशी की डिक्कीचं प्लास्टिक सामानाने जेवढं मोडतं तेवढंच ते काढताना मोडतं. पॅनलच्या मागे जागोजाग प्लास्टिकचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या खाचेत क्लिप अडकवलेली असते आणि ती क्लिप पत्र्याच्या भोकात दाबून बसवलेली असते. आपण स्क्रूड्रायव्हर कुठेही घालून ओढतो. क्लिप पत्र्यातच राहते आणि उंचवटा मुळासकट उपटून येतो.

म्हणून आधी दिसणारे स्क्रू काढायचे. ते कधी छोट्या झाकणाखाली, कधी दिव्याच्या मागे लपलेले असतात. मग क्लिप कुठे आहे ते बोटांनी चाचपायचं आणि तिच्या अगदी शेजारी प्लास्टिकची पट्टी सरकवून सरळ बाहेर ओढायचं. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे जोर हळूहळू वाढवा. किनारपट्टीच्या गाडीत आणखी एक त्रास. खाऱ्या हवेने लोखंडी क्लिपा गंजून पत्र्याला धरून बसतात. तिथे गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून थोडं थांबावं.

पॅनल निघालं की आत ओल आहे का तेही बघून घ्या. पावसाळ्यात टेललाइटच्या रबरातून झिरपलेलं पाणी स्टेपनीखाली साचतं आणि पत्रा आतून खातो. एरवी ते कोण बघणार?

फक्त क्लिपच तुटली असेल तर काम संपलंच. जुनी क्लिप आणि भोकाचं माप घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा, चिल्लरीत मिळते.

मग जोडायचं कसं?

एबीएस असेल तर सगळ्यात चांगला गोंद म्हणजे एबीएस स्वतः. त्याच पॅनलचे किंवा दुसऱ्या एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घालून अॅसिटोन ओता, काही तासांत काकवीसारखी लापशी होते. ती मागच्या बाजूने भेगेत भरायची आणि एक दिवस तसंच ठेवायचं. अॅसिटोन उडून जातो, उरतं ते अखंड प्लास्टिक. पुढच्या बाजूला थेंब पडला तर डाग कायमचा, एवढं लक्षात ठेवा. काही नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अॅसिटोन नसतो, तेव्हा बाटली वाचून घ्या. आणि हे काम चुलीपासून लांब, उघड्यावर.

पीपीला मात्र वितळवूनच जोडावं लागतं. भेग जिथे संपते तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मागच्या बाजूने भेगेवर इंग्रजी 'व्ही'सारखी खाच कोरा. सोल्डरिंग गनच्या टोकाने दोन्ही काठ वितळवून एकमेकांत कालवा आणि वर पीपीचीच पट्टी वितळवून भरा. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, सोल्डरिंग गन त्याहून कितीतरी जास्त तापते. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळतंय, जोडलं जात नाहीये. टोक टेकवून न ठेवता फिरवत राहायचं. जिथे ताण येतो तिथे स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा त्या वितळलेल्या थरात दाबून बसवला की जोड मजबूत होतो.

भरायची पट्टी कुठून आणायची? इथे रील पुन्हा फसवते. त्यात झिप टाय वितळवताना दाखवतात. झिप टाय नायलॉनचा असतो, तो पीपीत मिसळत नाही. त्यापेक्षा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे फुटलेल्या बंपरचा तुकडा मागा. पुष्कळ बंपर पीपी आणि ईपीडीएमच्या मिश्रणाचे असतात. मागचा शिक्का बघून पट्ट्या कापून घ्या. फुकटात मिळेल आणि डिक्कीचं पॅनल तर झालंच, घरातल्या चार वस्तूही त्यात दुरुस्त होतील.

वितळवायचं नसेल तर गोंदाला पकडायला काहीतरी द्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून मागून अॅराल्डाइट भरला की तो भोकांतून पलीकडे जाऊन रिव्हेटसारखा अडकतो. किंवा त्याच भोकांतून झिप टाय ओवून चक्क शिवण घाला. झिप टायचा खरा उपयोग हा. दिसायला ओबडधोबड, पण ते मागे असतं आणि टिकतं. बंपर रंगवणाऱ्याकडे प्लास्टिक प्रायमर असेल तर गोंदाआधी तो मारून घेतल्याने फरक पडतो.

पार्सल ट्रेची खुंटी हा वेगळा मामला, कारण तिथे वजन येतं. ती नुसती चिकटवून चालत नाही. जोराचा ब्रेक लागला तर सुटलेला ट्रे आणि त्यावरचं सामान मागच्या सीटवर बसलेल्यांच्या डोक्याकडे येतं. मोडलेली खुंटी सपाट घासून, मधोमध भोक पाडून त्याच जाडीचा स्टीलचा बोल्ट आरपार घाला आणि आतून मोठा वॉशर व नट लावा. बोल्ट गरजेपुरताच लांब हवा. हे जमत नसेल तर नवा ट्रे येईपर्यंत जुना घरी काढून ठेवा.

बसवताना पॅनल आणि पत्रा जिथे टेकतात तिथे फेल्टची टेप लावली की खडखड थांबते.

आणि तुकडेच इतके झाले असतील की जोडण्यात अर्थ नाही, तर जुन्या बाजाराचा रस्ता आहेच. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं ओळीने आहेत आणि गावाकडे येणारा कुणी ना कुणी चाकरमानी ते पॅनल डिक्कीत टाकून आणतोच. फक्त 'बाजूचं काळं प्लास्टिक' एवढंच सांगू नका. पीपीच्या त्या शिक्क्याशेजारी बऱ्याचदा पार्ट नंबरही उठवलेला असतो, त्याचा फोटो पाठवा. सोबत गाडीचं मॉडेल, वर्ष, आतला रंग आणि डावी की उजवी तेही लिहा. आणि डावी-उजवी ठरवताना गाडीच्या मागे उभं न राहता ड्रायव्हरच्या सीटवरून बघायचं.