लबलबा की स्वादुपिंड? शुगर नेमकी कुठे बिघडते

उर्दू माध्यमाच्या पुस्तकात 'लबलबा' असतो, मराठी माध्यमाच्या पुस्तकात 'स्वादुपिंड'. अवयव एकच. दहावीची मुलं आकृती काढताना जठर आणि यकृत ऐसपैस काढतात, अन् लबलब्याला कोपऱ्यात एखाद्या पानासारखं चिकटवून टाकतात. घरी मात्र 'शुगर' हा शब्द रोजचा. दादीची शुगर, मामूंची शुगर. ही शुगर शरीरात बिघडते कुठे, असं विचारलं की कुणी किडनी म्हणतो, कुणी 'खून खराब झालं' म्हणतो. शिवाय रमजान जवळ आला की पालक आम्हाला हळूच एक प्रश्न विचारतात: इन्सुलिन डुकरापासून बनतं ना? या संशयापायी इंजेक्शन टाळणारे बुजुर्ग आम्ही पाहिलेत. म्हणून आज जरा सविस्तर.

लबलबा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पसरलेला असतो. लांबी साधारण 15 ते 20 सेंटीमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. डोक्याकडचा भाग लहान आतड्याच्या पहिल्या बाकात बसलेला, शेपटी डावीकडे तिल्लीपर्यंत. इतका आत दडलेला असल्यामुळे तो पोटावर हात ठेवून सहसा लागत नाही, आणि त्याचे आजार उशिरा कळतात.

त्याची कामं दोन, आणि दोन्ही एकमेकांपासून वेगळी.

पहिलं काम पचनाचं. आपल्या औरंगाबादचा नान-कलियाच घ्या. नानमधला स्टार्च फोडायला अमायलेज, कलियातल्या गोश्तचं प्रथिन फोडायला ट्रिप्सिन, वरच्या तर्रीसाठी लायपेज. ही तिन्ही विकरं लबलब्यात बनतात आणि नळीतून लहान आतड्यात उतरतात. दिवसाला हा रस सुमारे दीड लिटर तयार होतो. त्यात बायकार्बोनेटही असतं, त्यामुळे जठरातून आलेलं आम्ल शांत होतं.

आता गोश्त पचवणारं विकर लबलब्यालाच का पचवत नाही? वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्न चांगला आहे. कारण ट्रिप्सिन तिथे 'झोपलेल्या' रूपात बनतं, ते जागं होतं आतड्यात पोचल्यावर. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूचं व्यसन असलं, तर ते आतच जागं होऊ शकतं. मग लबलबा सुजतो, पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येते आणि ती पाठीत जाते. ही कळ 'गॅस'ची म्हणून सोडा-लिंबू पीत घरी बसायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा.

दुसरं काम साखरेचं. 1869 मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली लबलब्यात पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले, जणू बेटंच. ही बेटं दहा लाखांच्या आसपास असतात, पण सगळी मिळून लबलब्याच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. त्यांचा माल नळीतून जात नाही, थेट रक्तात जातो. बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनमुळे स्नायूंत आणि चरबीत शिरते, उरलेली जिगरमध्ये साठते. अल्फा पेशी याच्या उलट वागतात. निरोगी माणसाच्या रोज्यात सहरीचं जेवण संपलं की त्या ग्लुकागॉन सोडतात, आणि जिगर साठवलेली साखर हळूहळू बाहेर काढतं. म्हणून तो असरपर्यंत चालता-बोलता राहतो.

बीटा पेशी नष्ट झाल्या तर टाइप 1 मधुमेह, हा बहुधा लहान वयात दिसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईना आणि बीटा पेशी दमत गेल्या तर टाइप 2, आपल्या घरोघरी दिसणारा. 'बारीक माणसाला कसली शुगर' हे म्हणणं मात्र सोडून द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं दिसायला हडकुळी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त निघालं.

आता डुकराचा प्रश्न. तो निराधार नाही, जुना आहे. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, जानेवारी 1922 मध्ये 14 वर्षांच्या मुलाला ते दिलं गेलं, आणि पुढची अनेक दशकं ते गाय-बैल आणि डुकरांच्या लबलब्यातूनच काढलं जायचं. 1982 पासून चित्र पालटलं. माणसाच्या इन्सुलिनचा जीन जीवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते बनवता येऊ लागलं. आज औषधाच्या दुकानात मिळणारं जवळपास सगळं इन्सुलिन असंच असतं. खोक्यावर 'आर-डीएनए' असं छापलेलं असतं, वाचून खात्री करा. आणि हे कुठे दूर घडतं असंही नाही. वॉकहार्टचा बायोटेक पार्क आपल्या वाळूज एमआयडीसीत आहे. या कंपनीचं 'वोसुलिन' 2003 मध्ये बाजारात आलं, तेही यीस्टपासून. यीस्ट म्हणजे खमीर, नान फुगवणाऱ्या खमिराच्याच नात्यातलं.

राहिला रोजा. बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने किंवा कातडीखाली इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असं अनेक उलमांचं मत आहे. पण इन्सुलिन घेणाऱ्याने रोजा ठेवावा का, आणि डोस किती ठेवावा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मनाने डोस बंद करणं सगळ्यात धोक्याचं, विशेषतः टाइप 1 मध्ये. शुगर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात. आजारी माणसाला सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे. डॉक्टरांना रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटावं लागतं, म्हणजे डोस बदलून पाहायला वेळ मिळतो. शाबान संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा रजबमध्येच जाऊन या.