हेराल्डचा सुटा अ‍ॅक्सल

सकाळी ७.३०
भाजीवाल्यांनी रस्ता भरायच्या आत गॅरेजचं शटर वर करायचं, ही मुंबईत वाकोल्यातली जुनी सवय. आज मात्र गाडी बाहेर काढायची नाही. आत स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री उभी आहे, १९७० ची, चार दरवाज्यांची. मागून दोन घोड्यांवर चढवलेली, मागे ना चाकं, ना गोळा म्हणजे डिफरन्शियल, ना पाटा म्हणजे स्प्रिंग.

मालक कलिन्यातले निवृत्त प्राध्यापक. गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, घेतलेली. मधल्या काळात कुणा कारागिराने तिचा मूळ सुटा अ‍ॅक्सल काढून टाकला आणि चेसीला पट्ट्या वेल्ड करून दुसऱ्या गाडीचा सरळ अ‍ॅक्सल ठोकला. त्या पट्ट्या मी गेल्या आठवड्यात कापून, घासून साफ केल्या. आज मूळचा परत बसवायचा. तो आलाय सीएसटी रोडच्या भंगारातून, एका दोन दरवाज्यांच्या हेराल्डच्या पोटातून.

८.१५
हाताखालचा पोरगा आला. भंगारातला माल रॉकेलमध्ये भिजत घातला होता, तो त्याने ब्रशने घासून पत्र्यावर मांडला. त्याला विचारलं, यात वेगळं काय दिसतं? म्हणाला, "उस्ताद, याला अ‍ॅक्सलची नळीच नाही."

बरोबर. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरला मागे एकच सरळ नळी, मधे गोळा, दोन्ही टोकांना चाकं. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं आणि गोळ्याचं सगळं वजन चाकांबरोबर उड्या मारतं. हेराल्डचा गोळा चेसीला बोल्टने बांधलेला, तो जागचा हलत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, आणि एकेक शाफ्ट. वर आडवा पाटा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. १९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फने ही गाडी काढली तेव्हा तिथल्या साध्या घरच्या गाडीत हे दुर्मीळच होतं. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड नावाने बनू लागली. चार दरवाज्यांची फक्त आपल्याकडे झाली.

९.४०
दोन्ही क्रॉस जाम. सर्क्लिप काढून, वाइसमध्ये दाबून बाहेर काढले. जुन्यांच्या सुया गंजाने भुकटी झालेल्या. नवे बसवताना प्रत्येक कपात सुया उभ्या आहेत ना, ते बोट फिरवून पाहिलं. एक सुई आडवी पडली तर कप पूर्ण बसत नाही, आणि जोराने दाबला तर महिन्याभरात तुटतो.

१०.३०
हब. हेराल्डचं मागचं हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच घट्ट होतं. घरचा पुलर वाकला. शेवटी दोन्ही शाफ्ट उचलून लेथवाल्याच्या प्रेसवर नेले. दाब वाढत गेला, काही होईना. मग बंदूक सुटावी तसा आवाज झाला आणि हब सुटलं. आत बेअरिंगच्या मागे सुकलेला गाळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशी ती दोन दरवाज्यांची गाडी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, असं भंगारवाला सांगत होता. गाळ पाहिल्यावर मला ते पटलं. बेअरिंग नवी, सील नवे, ग्रीस हाताने भरलं.

दुपारी १२.००
गोळा वर चढवायच्या आधी माप. चेसीच्या मूळ भोकांतून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या, दोन्ही कर्ण मोजले. अर्ध्या सुताचा फरक. तेवढा चालतो. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसी वाकली असती तर आजचं काम इथेच थांबलं असतं. ही भीती मला आठवडाभर होती.

मग जॅकवर गोळा, रबराचे बुश, बोल्ट हातानेच लावले. त्यावर आडवा पाटा, मधोमध स्टडवर.

१.३०
डबा. एक तरुण आला, मोबाइलवर १९३२ च्या फोर्डचा फोटो घेऊन. अमेरिकेत हॉट रॉडवाले तिला जग्वारचा मागचा भाग बसवतात. १९६१ पासूनचा तो संच खरंच देखणा: गोळा, गोळ्याला चिकटून ब्रेक, दर बाजूला दोन-दोन स्प्रिंगचे शॉकअप, सगळं एका लोखंडी पिंजऱ्यात. चार रबरांवरून अख्खा उतरवता येतो. त्याला तसंच पद्मिनीत हवं होतं.

मी समोर बसवून समजावलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. शिवाय पद्मिनीला वेगळी चेसी नाही. तिचा पत्राच तिची चेसी आहे आणि तो पाट्याच्या दोन टोकांवर भार घ्यायला घडवलाय. भार भलत्याच जागी दिलास तर पत्रा फाटेल. तरुणाचा चेहरा पडला. त्याला म्हटलं, संध्याकाळी ये, हेराल्ड बघ.

३.००
चाकाकडचे उभे दांडे, पुढे जाणारे आधाराचे दांडे, शॉकअप. पोराला बजावलं की शॉकअप लागेपर्यंत दांड्याखालचा जॅक काढायचा नाही. इथे चाक किती खाली लोंबायचं हे शॉकअपच ठरवतो. तो नसेल तर चाक नको तेवढं खाली जातं आणि क्रॉसवर ताण येतो.

आमच्या पिढीतल्या कारागिरांना हेराल्डचा मागचा भाग आवडला नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. १९७२ मध्ये स्टँडर्डनेच गॅझेल काढली आणि तिला सरळ अ‍ॅक्सल दिला. हेराल्ड वेगात वळताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू पाहतं. हा दोष आहे, मी तो लपवत नाही. पण सहा माणसं भरायची, हबला वर्षभर ग्रीस द्यायचं नाही आणि पाटा बसला की इंग्रजांना नावं ठेवायची, हा अन्यायच होता.

४.४५
गाडी चाकांवर उतरवली. मागची दोन्ही चाकं खालून आत वळलेली, गाडी टाचेवर उभी असल्यासारखी. पोरगा घाबरला, "उलटं बसलं काय?" काही नाही. हातभर पुढे, हातभर मागे ढकलली, चाकं आपोआप पसरून सरळ झाली. मग मागच्या सीटवर पोऱ्याला आणि तेवढ्यात आलेल्या त्या तरुणाला बसवून सगळे बुशचे बोल्ट आवळले. चाक लोंबतं असताना आवळले असते तर रबर कायम पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. शेवटी दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून चाकांची दिशा पाहिली. उजवीकडे आधाराच्या दांड्यापुढे एक पातळ पट्टी वाढवली.

६.२०
प्राध्यापक आले. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. अर्ज करायचा म्हणून तर त्यांनी हे काम काढलं. पण गाडीखाली वाकून पाहताना ते कागदाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "दादा याला पाळणा म्हणायचे," एवढंच म्हणाले.

स्टिअरिंग त्यांच्या हाती दिलं. नेहरू रोडला गटाराच्या बसक्या झाकणावर डावं मागचं चाक धपकन गेलं. मी उजवीकडे मान काढून पाहत होतो. उजवं चाक रस्ता धरून होतं.