हार्ड डिस्कवरून एसएसडीवर विंडोज हलवताना: टॅली, जुने फॉन्ट आणि जुन्या डिस्कचं काय?

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली की तो नव्यासारखा पळतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. खरा प्रश्न त्यापुढचा असतो. जुन्या हार्ड डिस्कवरची विंडोज, टॅली, प्रिंटरची सेटिंग्ज हे सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर न्यायचं कसं? आणि ते झाल्यावर हातात उरलेल्या जुन्या डिस्कचं करायचं काय?

मी नोकरीनं सॉफ्टवेअर इंजिनिअर, घर साताऱ्यात. सांगलीत मामांचा हळद-गुळाचा व्यापार आहे. त्यांच्या दुकानातला डेस्कटॉप सकाळी सुरू केला की चहा पिऊन होईपर्यंत तयार व्हायचा नाही. मामांची अट एकच होती: "काय पण कर, पण टॅली हाय तशी पाहिजे बघ."

आधी कॉम्प्युटर इतका हळू का होतो ते बघू. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा हात पुढेमागे सरकतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हात सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे इकडंतिकडं विखुरलेल्या छोट्या फाइली ती सेकंदाला शंभर-दीडशे वेळाच उचलू शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो छोट्या फाइली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हे काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. जाहिरातीतला "५५० एमबी प्रति सेकंद" हा आकडा मोठ्या फाइलींचा असतो. रोजच्या वापरात जाणवतो तो फरक छोट्या फाइलींचा.

क्लोन की नवीन इन्स्टॉल?

इंटरनेटवर बहुतेक जण सांगतील की विंडोज नव्यानं टाका, स्वच्छ काम होतं. घरच्या लॅपटॉपला मीही तेच सांगतो. दुकानाच्या कॉम्प्युटरला नाही. तिथं टॅलीबरोबर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं कागदाच्या मापाचं सेटिंग असतं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असतो आणि कुणीतरी कधीतरी टाकलेले जुने मराठी फॉन्ट असतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र तो फॉन्ट नसेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतं. या गोष्टींची यादी कुणाकडंच नसते, नेमकी एक राहते आणि ती महिनाअखेरीला आठवते. म्हणून इथं क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल.

एसएसडी घेताना एक गोष्ट बघा. जुनी डिस्क ५०० जीबीची असेल तर ४८० जीबीची एसएसडी घेऊ नका. थोडे पैसे वाचतात, पण नक्कल करायला जागा कमी पडते आणि मग पार्टिशन छोटं करण्याचा उद्योग मागं लागतो. ५०० किंवा ५१२ जीबीची घ्या, विषय संपला. जुन्या डेस्कटॉपला २.५ इंची साटा एसएसडीच बरी. एम-टू प्रकारातल्या एनव्हीएमई ड्राइव्हवरून बरेच जुने मदरबोर्ड बूट होत नाहीत.

नक्कल करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत पाहा. तिथं पिवळा "कॉशन" दिसला तर क्लोनच्या नादी लागण्याआधी डेटा दुसरीकडं कॉपी करून घ्या. मरणाऱ्या डिस्कला तासभर सलग राबवणं धोक्याचं असतं. डिस्क ठणठणीत असली तरी टॅलीतून बॅकअप घेऊन तो पेनड्राइव्हवर ठेवाच. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

मी क्लोनझिला वापरतो. मोफत आहे, पेनड्राइव्हवरून सुरू होतं, दिसायला मात्र रुक्ष. एसएसडी यूएसबी-टू-साटा केबलनं जोडायची. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि क्लोनझिला तक्रार करतं. मग "डिव्हाइस टू डिव्हाइस" निवडून आधी सोर्स, नंतर टार्गेट सांगायचं. इथं घाई नको. दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि आकार कागदावर लिहून ठेवा आणि पडद्यावर जुळवून मगच होकार द्या. उलटं निवडलं तर कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग काही उरत नाही.

क्लोनझिला फक्त वापरलेली जागा कॉपी करतं. मामांच्या डिस्कवर २०० जीबीच्या आसपास डेटा होता. यूएसबी ३ ला तो पाऊण तासात होतो, जुन्या यूएसबी २ ला पावणेदोन तास धरा.

काम झालं की कॉम्प्युटर बंद करा, जुनी डिस्क काढा आणि फक्त एसएसडी जोडून सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख आता एकसारखी असते. एकत्र ठेवल्या तर विंडोज एखादीला ऑफलाइन करते, किंवा कॉम्प्युटर जुनीवरूनच सुरू होतो आणि आपल्याला वाटतं, फरक काहीच पडला नाही. बायोसमधलं साटा मोड आणि बूट मोड आहे तसंच ठेवा. सुरू झाल्यावर टॅली उघडून शेवटची नोंद बघा, एक बिल छापा, सहीचं टोकन लावून बघा. काही सॉफ्टवेअर डिस्क बदलली की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतात, त्यांचे आयडी-पासवर्ड जवळ असू द्या.

आता जुनी डिस्क

दुकानात सगळ्यांचं मत होतं की ती फॉरमॅट करून आतच जोडावी, जागा वाढेल. मी नको म्हटलं, त्याचं कारण सांगलीत समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि पेठांत पाणी शिरलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पेनड्राइव्हवरचा बॅकअप त्याच गल्ल्याच्या खणात असेल तर कॉम्प्युटरबरोबर तोही पाण्यात जातो. जीएसटी कायद्याप्रमाणे तर हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात.

म्हणून ती डिस्क मी साताऱ्याला घेऊन आलो. अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवली. त्या दिवसापर्यंतचा दुकानाचा अख्खा कॉम्प्युटर तिच्यात आहे. उद्या एसएसडी अचानक गेली (ती जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी कुरकुर करून सूचना देईलच असं नाही) तर ही डिस्क जोडून टॅलीचा ताजा बॅकअप आत घेतला की दुकान चालू. असं ठेवून द्यायला हार्ड डिस्कच चांगली. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू उतरतो. हार्ड डिस्कही कपाटात कायमची विसरू नका. मी दिवाळीला सांगलीला जाताना ती नेतो, यूएसबी केबलनं जोडून टॅलीचे नवे बॅकअप तिच्यावर घेतो आणि परत आणतो.

शेवटचा मुद्दा विंडोजचा. क्लोन केल्यानं विंडोज १० ची विंडोज ११ होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. असा कॉम्प्युटर बँकेच्या व्यवहारांना वापरू नका. मामांचं नेट बँकिंग आता दुसऱ्या लॅपटॉपवर चालतं, हा डेस्कटॉप फक्त टॅली आणि बिलांसाठी आहे. एसएसडी साटाची असल्यामुळे पुढं नवा डेस्कटॉप घेतला तर ती त्यालाही जोडता येईल.