शिकारीचा खर्च कोणत्या वहीत शोधायचा?

राजाच्या शिकारीवर किती पैसा जायचा? शिकारखान्याचे कागद काढले, बेरीज मारली, झालं! मलाही आधी असंच वाटायचं.

पण मराठा दरबारात अठरा कारखाने असत आणि शिकारखाना त्यातला फक्त एक. शिकारीला हत्ती लागले तर त्यांचा चारा पीलखान्याकडे, तंबू फरासखान्याकडे, बंदुकीची दारू दारूखान्याकडे. म्हणजे एकाच शिकारीचा खर्च चार ठिकाणी विखुरलेला. आणि हाका घालायला वेठीला धरलेली गावकरी माणसं? त्यांना मजुरीच नाही, म्हणून ती कुठल्याच वहीत नाहीत. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: नोंद नाही म्हणजे खर्च नाही, असं आपण धरून चालतो.

दुसरा सापळा किमतीचा. आपल्या नागपूरचंच बघा. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं. बांकाबाईंचा विरोध असतानाही राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने गेले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. आता त्या लिलावाच्या आकड्यावरून पीलखान्याची किंमत काढली तर? तो आकडा हत्तीची किंमत सांगत नाही, विकणाऱ्याची घाई सांगतो.

म्हणून मित्रांनो, कोणताही आकडा टिपताना शेजारी दोन प्रश्न लिहा: हा कोणी लिहिला, आणि यात कोण सुटलं? सिनॉप्सिस त्यानंतर.